वहिनीच्या खोलीतला गारवा

वहिनीकडे स्प्लिट एसी बसला आणि आईला घेऊन मी तो पाहायला गेले ते चूक काढायच्या तयारीनंच. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. भाऊ आणि वहिनी प्रताप नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतात; मी आणि आई जुन्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत. पिशवीत पेढ्यांचा पुडा होता, कारण आईनं बजावलं होतं, "कोणाकडे नवी वस्तू आली की रिकाम्या हातानं नाही जायचं वं."

एसी म्हणजे काय ते आपल्याला पक्कं माहीत आहे, अशी माझी समजूत होती. लहानपणी आईबरोबर निवेदनं द्यायला मोठ्या कार्यालयांत जायचे. तिथं छताखालून पत्र्याचे चौकोनी बोगदे गेलेले असत, माणूस आत सरपटत जाईल एवढे रुंद. जागोजाग जाळ्या, जाळ्यांवर काळी धूळ, आणि खाली भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलेले कारकून. एका साहेबाला गरम होतं म्हणून सगळ्या मजल्यानं कुडकुडायचं. गारवा हा असा वरून लादला जातो, असं माझं तेव्हापासूनचं मत होतं आणि ते मी दोन-तीन लेखांत मांडलंही होतं.

वहिनीच्या खोलीत त्यातलं काहीच नव्हतं. पलंगाच्या वर भिंतीवर एक पांढरी लांबट पेटी. बाल्कनीत दुसरी, जरा मोठी. दोन्हींच्या मधे तांब्याची बारीक नळी, मुठीएवढ्या भोकातून बाहेर गेलेली. छत जसंच्या तसं. खिडकी मोकळी, तिच्यात तुळशीची कुंडी.

"भोक पाडलं तेव्हा घंटाभर धूळ उडाली, बस," वहिनी म्हणाली. ती रामटेकजवळच्या एका धानवाल्या घरातली. बोलते ते मोकळं. "आता आवाज ऐका बरं, ताई. येऊन राहिला का?"

मी कान दिला. येत नव्हता.

"थोडा येतो," मी म्हटलं.

"तो फ्रिजचा आहे."

आई हसली. मी पेढे पुढे केले.

पलंगाच्या कडेला बसल्यावर पाठीवरचा घाम पाच मिनिटांत सुकला. ओढणी अंगाला चिकटायची थांबली. हॉलमध्ये भाऊ पंख्याखाली बनियनवर क्रिकेट बघत होता. त्याला एसी सोसत नाही. म्हणजे एका घरात एकाला गारवा आणि एकाला पंखा, ज्याला जे हवं ते, दार लावलं की झालं. कोणावर काही लादलेलं नव्हतं. चूक सापडत नव्हती, आणि मला वहिनीचा हेवा वाटला. हा शब्द मी सौम्य करून लिहिणार नाही. परत येताना वाटेतल्या बाल्कन्यांमधल्या पांढऱ्या पेट्या मी मोजत होते.

आमच्या घराला समोरच्या खोलीत एकच खिडकी आणि त्या खिडकीत कूलर. लोखंडी, हिरवट, दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास माळ्यावरून उतरवायचा, पंप तपासायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या. तो चालू झाला की पहिले दोन दिवस घरभर वाळ्याचा वास. चार महिने खिडकी बंद, दिवसा दिवा लावून बसायचं, आणि सकाळ-दुपार बादल्यांनी टाकी भरायची. बोलायचं असेल तर ओरडून. नागपुरात माणसं भांडल्यासारखी बोलतात असं बाहेरचे लोक म्हणतात. मला वाटतं त्यात कूलरचा हात आहे. पण मला त्या कूलरचा अभिमान होता. हे गरिबाचं यंत्र, आमच्या बाजूचं यंत्र.

बाजू घ्यायला मी घरातच शिकले. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहायची. नळाला पाणी नाही, रेशनच्या दुकानात तांदूळ नाही, शाळेच्या भिंतीला लागून दारूचं दुकान आलं, असं काही झालं की दोन दिवसांत गल्लीत गुलाबी कागद फिरायचा. मी मुळाक्षरं त्या कागदांच्या घड्या घालता घालता शिकले. बाबा मी शाळेत असतानाच गेले, पण पत्रकं थांबली नाहीत.

आमच्या घरचा एक नियम होता. कोणताही मजकूर छापायला जाण्याआधी आई तो मोठ्यानं वाचायची, चौकात उभी राहून वाचावा तसा. एका वाक्याला एक श्वास. श्वास पुरला नाही की वाक्य कापायचं. "ऐकणाऱ्या बाईच्या डोक्यावर घागर असते," ती म्हणायची, "तिला किती वेळ उभी करशील?" पुढे मी लिहायला लागले तेव्हा माझे लेखही याच चाळणीतून जाऊ लागले. तिनं वाचल्याशिवाय मी आजवर एक ओळ कुठं पाठवलेली नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र आईची कात्री फार चालू लागली. एप्रिलमध्ये ती लांब वाक्यं तोडायची. मे उजाडला तशी मध्यम वाक्यं तोडायला लागली. "हे कापावं लागेल," म्हणायची, खोकायची, पेन घ्यायची. पाण्याच्या टँकरवरचा माझा एक लेख तिनं इतका कापला की तो पोस्टाच्या तारेसारखा दिसायला लागला. पाणी आलं नाही. बायका उभ्या होत्या. ऊन होतं. मी संपादकाला तो तसाच दिला आणि त्यांनी शैलीचं कौतुक केलं. मला वाटलं, वय वाढतंय तशी आईची नजर अधिक धारदार होत चालली आहे. मी मैत्रिणींना हे सांगतही होते, अभिमानानं.

मेच्या मध्यावर वहिनीचा फोन आला की कैऱ्या आणल्या आहेत, आईंना दोन दिवस लोणच्याला पाठवा. आई गेली. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे आठ.

"किती मण लोणचं घालून राहिल्या तुम्ही?" मी फोनवर विचारलं.

"मुरू दे की जरा."

"लोणचं मुरतंय की तू?"

आई मोठ्यानं हसली. पुष्कळ दिवसांनी ते हसू मी पूर्ण ऐकलं, मधे न तुटता. मला आनंद व्हायला हवा होता. पण पाठीमागून वहिनीचाही हसण्याचा आवाज आला, दोघी एकाच खोलीत, दार लावून, त्या पांढऱ्या पेटीखाली पाय पसरून बसलेल्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या, आणि मी फोन ठेवला.

घरात मी आणि कूलर. जेवायला एकटीच बसायचे. शेजारच्या काकू टाकी भरताना भिंतीवरून विचारायच्या, "आई काहून नाही आली गा अजून?" गा पुरुषांना म्हणतात, पण मला त्या लहानपणापासून गा म्हणतात, मी मोर्च्यात पुढे चालायचे म्हणून. मी सांगायचे, लोणचं. दहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "थंड खोलीतून कोण येते परत?" आणि बादली घेऊन आत गेल्या.

त्या दुपारी मी पत्रक लिहिलं. आमच्या घरात माणसं भांडत नाहीत, पत्रक काढतात. मथळा होता: एका खोलीचा गारवा, अख्ख्या गल्लीची झळ. एसीचं बाहेरचं युनिट आतली उष्णता उपसून रस्त्यावर ओततं, आणि ज्यांच्याकडे पंखाही नाही त्यांनी ती झेलायची, असा मुद्दा होता. मुद्दा खोटा नव्हता. आजही नाही. पण तो मला त्याच दुपारी का सुचला हे मला ठाऊक होतं. शेवटून दुसरं वाक्य मी मुद्दाम लांबलचक लिहिलं, सहा ओळींचं, सगळा राग ओतून. आई ते कापणारच होती. कापायला तरी तिला माझी गरज लागेल, माझ्याबरोबर घरी येऊन बसावं लागेल, असा काहीतरी हिशेब माझ्या मनात होता.

प्रताप नगरला पोचले तेव्हा उन्हानं डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं. वहिनीनं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि गुळाचा खडा नि पाणी आणून दिलं. मग हात धरून आतल्या खोलीत नेलं. आई पलंगावर मांडी घालून लसूण सोलत होती. गालावर रंग होता. वहिनीनं एसी सत्तावीसवर लावून ठेवला होता. खाली आणलं की आईंचे गुडघे धरतात, म्हणाली. मला हेही माहीत नव्हतं.

"वाचून दे," मी कागद पुढे केला. "उद्या छापायला टाकायचंय."

आईनं हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. चौकातल्या आवाजात. वहिनी दाराला टेकून उभी राहिली. मथळा झाला, पहिला परिच्छेद झाला. मी पेन काढून तयार होते. मग ते सहा ओळींचं वाक्य आलं. मी वाट पाहू लागले, आता थांबेल, आता खोकेल. पहिली ओळ गेली, तिसरी गेली, आवाज चढत गेला, एकदाही न अडखळता आई त्या वाक्याच्या शेवटपर्यंत पोचली आणि पूर्णविरामावर थांबून तिनं सहज पान उलटलं.

मी पेनचं टोपण परत लावलं.

आई कात्री चालवत नव्हती. तिला श्वास पुरत नव्हता. दीड महिना ती माझ्यासमोर बसून धापा टाकत होती आणि मी त्याला शैली म्हणत होते.

"चांगलं आहे," आई म्हणाली. "कापायसारखं काही नाही."

"ताई," वहिनीनं दारातून विचारलं, "हे मलेच लिहिलं का?"

"सगळ्यांनाच आहे."

"पण वाटायला पहिले माझ्याच घरी आणलं." ती हसत होती, पण तिचा चेहरा उतरला होता. "हॉलमधला बेड काढून मी आईंसाठी इथं लावला. तुमचे भाऊ तिकडे गादीवर झोपतात. मी कोणाले झळ देऊन राहिली ते तरी सांगा."

उत्तर आईनं दिलं, पण वहिनीला नाही, मला. डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की ओलसर हवा सोसणार नाही, कूलरसमोर झोपू नका, कोरडी हवा बरी. वहिनीला ते माहीत होतं. भावाला माहीत होतं. मला नव्हतं.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू कूलरविरुद्ध पत्रक काढलं असतंस."

वहिनी फिसकन हसली. मग मीही हसले, रडू येत होतं तरी. आई मात्र पुढे बोलत राहिली, चष्मा काढून. "आणि काढायलाच पाहिजे होतंस. आपला कूलर दिवसाला किती बादल्या पाणी पितो ते या कागदात कुठं आहे? नळाच्या रांगेवर मी आयुष्यभर लिहिलं आणि आपल्याच खिडकीत पाणी उडवत बसले. ते आपलं यंत्र आहे म्हणून तुला दिसत नाही." चष्मा पदरानं पुसत तिनं खालच्या आवाजात विचारलं, "मी इथंच राहू का वं? कायमची. विचारायचंच होतं तुला."

मी म्हणाले, "राहा." इतक्या लगेच म्हणाले की तिघींनाही कळलं हा होकार नाही. मग मी चप्पल घातली.

घरी येऊन कूलर बंद केला, मागची ताटी उचकटून बाहेर काढली. खालच्या बाजूला शेवाळासारखा हिरवा-काळा थर होता, बोटानं निघणारा. पाडव्याला नवी लावलेली ताटी. तिच्यातून आलेली हवा आई रात्रंदिवस घेत होती आणि मी तिला वाळ्याचा सुगंध समजत होते. त्या क्षणी मला वाटलं, वहिनीकडे जे आहे ते माझ्याकडे असलं की आई माझ्याकडे येईल. हेव्याला कारण सापडलं की उपायही लगेच सापडतो.

पैशाची जुळवाजुळव सांगत बसत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मेकॅनिक आला. बाहेरचं युनिट गल्लीत लावू द्यायला मी तयार नव्हते. आमची गल्ली दोन सायकली जेमतेम जातील एवढी, आणि तिच्यातच उघडणारी काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी. मी म्हटलं, वर स्लॅबवर न्या, तोंड मोकळ्या बाजूला करा.

"अरे मॅडम, एवढी लंबी पाईप कोण लावते? समद्यांनी गल्लीतच लटकवून ठेवले."

"समद्यांचं मला नका सांगू."

"प्रॉब्लेम कोणाले आहे पण?"

"मला."

भिंतीवरून काकू ओरडल्या, "मलेही आहे!" मेकॅनिक मुकाट्यानं शिडी आणायला गेला. ते पत्रक मी पुढे छापलं, पण बदलून. एसी लावू नका असं त्यात नव्हतं. युनिटचं तोंड कोणाच्या चुलीकडे करू नका असं होतं. लोकांनी ते पहिल्यापेक्षा जास्त वाचलं.

कूलर काढला आणि खिडकी उघडली. जून महिन्यात त्या खोलीत ऊन येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. बोलताना आवाज चढवायची गरज उरली नाही; पहिले दोन दिवस मी सवयीनं ओरडत होते आणि स्वतःच दचकत होते. ढग जमून हवा चिकट झाली, आजूबाजूचे कूलर नुसता दमट वारा फेकायला लागले, तेव्हा आमच्या खोलीत कागद कागदासारखा कोरडा राहिला. दर पंधरा दिवसांनी आतली जाळी काढून नळाखाली धुवायची, एवढंच काम. टाकी नाही, बादली नाही.

मी आईला आणायला गेले. ती आली, भिंतीवरच्या पेटीकडे बघितलं, स्लॅबवर चढून बाहेरचं युनिट बघितलं, त्याचं तोंड बघितलं. "बरोबर केलंस," म्हणाली. माझ्या आयुष्यात तिनं हे मला चार-पाच वेळा म्हटलं असेल. रोज दुपारी ती माझं लिखाण वाचायची, पूर्ण श्वासात, आणि मला वाटलं मी जिंकले.

नवव्या दिवशी आई पिशवी भरताना दिसली.

"कुठं?"

"तिच्याकडे. चार दिवस."

"आता काहून? आता तर इथंही आहे."

"काय आहे?"

"गारवा," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला लहान मुलीसारखा ऐकू आला.

आईनं पिशवी खाली ठेवली. "तुझ्याकडे मी वाचत असते वं," ती म्हणाली. "सकाळी वर्तमानपत्र, दुपारी तुझे कागद, संध्याकाळी कोणीतरी अर्ज घेऊन येतं. मला आवडतं ते. पण तिच्याकडे मी नुसती बसते. ती काहीबाही सांगत राहते, मी लसूण सोलते. साठ वर्षं मला नुसतं बसायला कोणी सांगितलं नव्हतं."

म्हणजे कारण भिंतीवर नव्हतंच. एसीचा हेवा करणं सोपं होतं. तो विकत मिळाला आणि मी आणला. वहिनीकडे जे होतं ते कोणत्याही दुकानात नव्हतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. मी वाद घातला असता, पण आईच्या त्या बोलण्यात कापायसारखं एक अक्षरही सापडलं नाही.

मी तिला स्कूटरवर सोडायला गेले. वहिनीनं दार उघडलं, आईची पिशवी घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "या, ताई, बसा घडीभर. आत गार आहे."

"आमच्याकडेही गार आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे वं माय," पहिल्यांदाच ती मला तुम्ही सोडून बोलली. "तरी बस."

मी बसले. पलंगावर जागा नव्हती म्हणून खाली, चटईवर. दोघी लगेच अर्धवट राहिलेल्या गोष्टीकडे वळल्या. गोष्ट रामटेककडच्या कोणा बाईची होती, जी भर लग्नात नवऱ्या मुलाच्या मामावर रुसून मंडपातून उठून गेली होती आणि थेट शेतात जाऊन बसली होती. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. ती बाई कोण, मामानं काय केलं होतं, ती शेतातून परत आली की नाही, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एरवी मी घड्याळ पाहिलं असतं. हेवा वाटतच होता, अजूनही वाटतो.

"कोण बाई?" मी विचारलं.

वहिनीनं लसणाचा एक गड्डा माझ्याकडे टाकला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.